बीट अंमलदाराची बदली

गणेशोत्सव किंवा ईद जवळ आली की राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. मधल्या खुर्चीवर साहेब, दोन्ही बाजूंना नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन-चार जुने पुढारी. चहा होतो, सलोख्यावर भाषणे होतात, डीजेच्या आवाजाबद्दल सूचना दिल्या जातात, फोटो निघतो. पोलीस आणि लोक यांच्या भागीदारीचे आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे रूप हेच. ही बैठक अगदीच निरुपयोगी असते असे नाही. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरवायला कुठेतरी एकत्र बसावेच लागते. पण पहिला दगड ज्याच्या हातून सुटण्याची शक्यता असते तो पोरगा त्या खोलीत कधी नसतो, त्याला नावाने ओळखणारा हवालदार बहुधा बाहेर बंदोबस्तावर असतो, आणि घरफोडी, छेडछाड, दारूचा गुत्ता, मोबाइल हिसकावणे हे विषय तिथे कोणी काढत नाही. अशा बैठकांतून गुन्हे कमी होत नाहीत याचे खापर साधारणपणे लोकांवर फुटते: लोक पुढे येत नाहीत, कोणी साक्ष देत नाही, सगळ्यांना आपापले पडले आहे. मला हे निदान चुकीचे वाटते. लोकसहभागाच्या योजना फसतात त्या बहुतेक वेळा ठाण्याच्या आतल्या कारभारामुळे. ज्याच्याशी ओळख जुळते तो माणूस टिकत नाही, टिकला तर त्याला वेळ नसतो, आणि वेळ असला तरी ऐकलेल्या गाऱ्हाण्यावर काही करण्याचा अधिकार त्याला नसतो.

याची सर्वांत चांगली परीक्षा महाराष्ट्रातच, भिवंडीत झाली. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आजूबाजूचे आगरी, गुजराती-मारवाडी व्यापारी अशी दाटीवाटीची वस्ती. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने इथे मोठी दंगल झाली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली आणि दंगलीनंतरच्या तपासात पोलिसांच्या विशेष पथकाने केलेल्या पक्षपातावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि ती आग ठाण्या-मुंबईपर्यंत पोहोचली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले, तेव्हा भिवंडी म्हणजे दंगल हे समीकरण पोलीस खात्यात रूढ झालेले होते. खोपडे यांनी शांतता समितीचा नेहमीचा साचा मोडला. पुढारी मंडळींची एक मोठी समिती ठेवण्याऐवजी त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मिळून सुमारे ७० छोट्या समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते, पण ते प्रतिष्ठित म्हणून निवडलेले नव्हते. त्या गल्लीत राहणारी, माग चालवणारी, दुकान मांडणारी साधी माणसे होती. प्रत्येक समितीची जबाबदारी ठाण्यातल्या ठरावीक कर्मचाऱ्यावर होती, आणि दंगलीची चाहूल लागो वा न लागो, समिती बसायची.

या रचनेतले मर्म ‘लागो वा न लागो’ या शब्दांत आहे. शांतता समितीचा जन्मच संकटाच्या भीतीतून झालेला असतो, म्हणून संकट नसताना तिला काही काम उरत नाही. मोहल्ला समितीकडे मात्र रोजची भांडणे येत: नळावरची, गटाराची, घरमालक-भाडेकरूची, पोरांच्या मारामारीची. ही भांडणे पोलिसांच्या दृष्टीने किरकोळ, अदखलपात्र, एनसी लिहून वाटेला लावायची. पण दोन कुटुंबांतले असले भांडण पुढे दोन जमातींतले होऊ शकते आणि ते किरकोळ असतानाच मिटले तर ठाण्यावरचा भारही हलका होतो, हे खोपडे यांनी ओळखले. शिवाय अशा भांडणांच्या निमित्ताने हवालदार आणि वस्ती यांची ओळख होत गेली. कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे, कोणत्या नाक्यावर रात्री कोण बसते, अफवा कुठून निघते, हे त्याला खबऱ्याला पैसे न देता कळू लागले. आणि लोकांनाही कळले की वर्दीतल्या या माणसाकडे गेले तर तो हाकलून देत नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत दोन टप्प्यांत दंगल झाली. तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरची, दोनदा होरपळलेली भिवंडी त्या दोन महिन्यांत पेटली नाही. विशेष म्हणजे तोपर्यंत खोपडे यांच्या जागी गुलाबराव पोळ आलेले होते. वरचा अधिकारी बदलूनही काम टिकले, कारण ते खालच्या कर्मचाऱ्यांच्या पायांवर उभे होते आणि नव्या अधिकाऱ्याने ते मोडले नाही.

आता, एका गावात दंगल झाली नाही यावरून एवढे मोठे अनुमान काढता येते का, हा प्रश्न रास्त आहे. भिवंडीत व्यापारी आणि विणकर एकमेकांवर अवलंबून आहेत, धंदा बुडू नये म्हणून त्यांनी संयम ठेवला, असेही म्हणता येईल. पण हे परस्परावलंबन १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही होते. तेव्हा ते कामी आले नाही. १९८४ च्या जखमांनी गाव शहाणे झाले असेल, हे दुसरे स्पष्टीकरण. तसे असते तर १९७० च्या जखमांनीही शहाणे व्हायला हवे होते. मधल्या काळात बदललेली मोठी गोष्ट म्हणजे पोलिसांची कामाची रीत. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम हिंसेचा अनेक शहरांत तुलनात्मक अभ्यास केला. दोन्ही समाजांचे लोक जिथे एकाच संघटनेत, धंद्यात, संस्थेत रोज एकत्र येतात ती शहरे तणाव पचवतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एरवी हे दुवे तयार व्हायला पिढ्या लागतात; भिवंडीत ते पोलिसांनी चार वर्षांत बांधले, म्हणून वार्ष्णेय यांना भिवंडीचे उदाहरण महत्त्वाचे वाटले.

मात्र भिवंडीची गोष्ट इथेच थांबवली तर ती प्रचारपत्रिका होईल. जुलै २००६ मध्ये याच गावात कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. यात एका बाजूला पोलीस होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच हद्दीतले रहिवासी. शेजारच्या लोकांना त्या जागेबद्दल काय वाटते, हे बांधकामाची पहिली कुदळ पडण्याआधी ठाण्याला कळायला हवे होते आणि ऐकू यायला हवे होते. १९९२ मध्ये ज्या गावाच्या पोलिसांना गल्लीतली कुजबुज ऐकू येत होती, त्याच गावात चौदा वर्षांनी ही वेळ आली. समित्यांची यादी फाइलमध्ये राहू शकते. ओळख फाइलमध्ये राहत नाही.

हा अनुभव फक्त आपला नाही. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत संशोधकांनी तिथल्या पोलिसांबरोबर लोकसहभागी पोलिसिंगचे प्रयोग केले. काही भागांत पोलिसांनी गावसभा घेतल्या, पायी गस्त घातली, लोकांच्या अडचणी समजून घेतल्या. तशाच दुसऱ्या भागांत नेहमीचे काम चालू ठेवले. २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले, ते या विषयाच्या चाहत्यांना थंड करणारे होते: पोलिसांवरचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. अनेकांनी यावरून ही कल्पनाच गरीब देशांत चालत नाही असा अर्थ काढला. संशोधकांनी दिलेली कारणे नीट पाहिली तर अर्थ वेगळा लागतो. वरिष्ठांनी या कामाला प्राधान्य दिले नव्हते. प्रयोग चालू असतानाच अधिकारी बदलून जात होते. आणि बैठकीत लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर काही करायला पोलिसांकडे साधने नव्हती. म्हणजे सभा झाल्या, गाऱ्हाणी ऐकली गेली, पुढे काही घडले नाही. एखाद्या वस्तीला तिची व्यथा विचारून मग तिच्याकडे पाठ फिरवणे हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी ती वस्ती तोंड उघडत नाही.

याच दिशेचा अधिक नेमका पुरावा राजस्थानातून येतो. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी, भारतीय पोलीस सेवेतल्या नीना सिंह आणि इतर सहकाऱ्यांसह, तिथल्या ११ जिल्ह्यांतल्या १६२ पोलीस ठाण्यांत वेगवेगळ्या सुधारणा करून पाहिल्या. एका सुधारणेत परिसरातले स्वयंसेवक निरीक्षक म्हणून ठाण्यात बसवले, म्हणजे लोकांना शब्दशः ठाण्याच्या आत आणले. दुसरीत कर्मचाऱ्यांना साप्ताहिक सुट्टी आणि कामाची पाळी ठरवून दिली. तिसरीत तपासाचे आणि लोकांशी बोलण्याचे प्रशिक्षण दिले. चौथीत प्रशासकीय बदल्या ठरावीक काळ गोठवल्या. पैकी प्रशिक्षण आणि बदल्यांवरची बंदी या दोहोंमुळे कामात आणि लोकांच्या मतात फरक पडला. निरीक्षक बसवण्याचा भरवशाचा परिणाम दिसला नाही. सुट्टीचाही नाही, कारण ठाण्याच्या पातळीवर या दोन्ही गोष्टी मनापासून राबवल्याच गेल्या नाहीत. लोकसहभागाचे जे सर्वांत उघड रूप, ते निष्प्रभ ठरले, आणि ज्यात लोकसहभागाचा उल्लेखही नव्हता त्या बदल्यांच्या बंदीने लोक आणि पोलीस यांच्यातले अंतर कमी केले. आपल्याकडे ‘मोहिमा’ काढणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा.

पण दंगल टळणे किंवा लोकांचे मत सुधारणे वेगळे आणि गुन्हे कमी होणे वेगळे. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हीच फट दिसली: लोकसहभागी पोलिसिंगमुळे नागरिक अधिक समाधानी होतात, पोलिसांबद्दलचे त्यांचे मत सुधारते, पण गुन्ह्यांवर परिणाम जेमतेम. याच्या शेजारी दुसरा आढावा ठेवला की कोडे सुटू लागते. अमेरिकन अभ्यासक हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९७९ मध्ये एक साधी कल्पना मांडली. सुटे गुन्हे एकामागून एक निकाली काढण्याऐवजी पोलिसांनी त्यांच्या मागची समस्या हातात घ्यावी: चोऱ्या याच बसथांब्यावर का होतात, मारामाऱ्या याच गुत्त्याबाहेर का होतात, हे शोधावे आणि ते कारण दूर करावे. या पद्धतीच्या ३४ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये निघाला, त्यात गुन्हे आणि उपद्रव सरासरी एक तृतीयांशाने घटलेले आढळले. नुसती जवळीक गुन्हा थांबवत नाही. जवळिकीतून कळलेल्या गोष्टीवर नेमकी कृती झाली तर थांबतो. रस्त्यावरचा दिवा सहा महिने बंद आहे हे बाईमाणसाला माहीत असते, पोलिसाला नसते. तो दिवा लावणे पोलिसाच्या हातात नसते, महापालिकेच्या असते. बीट अंमलदाराने, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला तो भाग ज्याच्याकडे आहे त्या कर्मचाऱ्याने, पत्र लिहिले, वरिष्ठ निरीक्षकाने वॉर्ड ऑफिसला फोन केला आणि दिवा लागला, तर ती भागीदारी. बैठकीच्या इतिवृत्तात ‘दिव्याबाबत चर्चा झाली’ एवढेच लिहिले गेले, तर चहाचे पैसे वाया.

झोपडवस्त्यांतली पोलीस पंचायत या दृष्टीने फार विचारपूर्वक रचलेली होती. पुण्यात आणि मग २००४ च्या सुमारास मुंबईत, ए. एन. रॉय पोलीस आयुक्त असताना, जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ, महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांबरोबर हा उपक्रम सुरू झाला. वस्तीतल्या दहा जणांची पंचायत, त्यांत सात बाया आणि तीन पुरुष, आणि त्यांच्या जोडीला त्या भागाचा पोलीस. सात आणि तीन हे प्रमाण उगाच ठरलेले नाही. वस्तीत दारू पिऊन कोण मारतो, कोणाचे पाणी कोण तोडतो, कोणती पोरगी क्लासला जायची बंद झाली, हे बायकांना आधी कळते. पुरुषांच्या समितीत ही माहिती येतच नाही, आणि आली तर ती ‘घरची भानगड’ म्हणून बाजूला पडते. शिवाय झोपडवस्तीत पोलिसाची ओळख प्रामुख्याने हप्ता, धाड आणि अतिक्रमण पाडताना उभा असलेला बंदोबस्त अशी असते. तिथल्या बाईने वर्दीतल्या माणसाशेजारी खुर्चीवर बसून निवाडा करणे, ही त्या वस्तीच्या दृष्टीने छोटी गोष्ट नाही.

गुन्हे कमी झाले की नाही हे मोजायचे कसे, इथे मात्र सगळ्यांचीच गल्लत होते. केरळने २००८ पासून जनमैत्री योजनेखाली बीट अधिकारी घरोघरी पाठवले. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या दरात केरळ देशात वरच्या राज्यांत असते. म्हणजे केरळी माणूस जास्त गुन्हेगार आहे का? तसे नाही; तिथला माणूस ठाण्यात जातो आणि तिथे त्याची फिर्याद लिहून घेतली जाते. मध्य प्रदेशातल्या १८० ठाण्यांत झालेला प्रयोग याला दुजोरा देतो. तिथे काही ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडले, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, परिसरातल्या महिला गटांशी संपर्क ठेवायला सांगितले. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अशा ठाण्यांत कौटुंबिक हिंसेचे अहवाल आणि बायकांवरील अत्याचारांचे गुन्हे जास्त नोंदले गेले, आणि कक्षावर महिला पोलीस नेमलेल्या ठिकाणी एफआयआरमधली वाढ ठळक होती. आकड्यांत गुन्हा वाढला, कारण पूर्वी दाबला जाणारा गुन्हा आता कागदावर आला. जो अधीक्षक प्रभारी अधिकाऱ्याला ‘तुमच्या ठाण्याचा आलेख खाली आणा’ एवढेच सांगतो, तो त्याला फिर्याद न घेण्याचे बक्षीसच देऊ करत असतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितले. तरी ‘आधी अर्ज द्या, चौकशी करू’ हे वाक्य ठाण्यांतून गेलेले नाही.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. ‘लोक’ म्हणजे कोण? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचे तेच झाले, तेही पोलीस समोर असताना. टाळेबंदीत अफवांमुळे गावोगावचे लोक रात्री रस्त्यावर पहारा देत होते. दोन्ही ठिकाणी लोक ‘सहभागी’ होते, गावाच्या रक्षणासाठीच जमले होते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे ही सवय ठाण्यांतून आणि गावांतूनही गेली नाही. अशा गावात ग्रामसुरक्षा दल उभे केले तर संशयाची जुनी यादीच अधिक कार्यक्षम होण्याचा धोका आहे. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. तो मान्य करूनच रचना करावी लागते. पालावरचा, उसतोडीला आलेला, भाड्याने राहणारा परप्रांतीय असा ज्याच्यावर पहिला संशय जातो तो माणूस समितीत नसेल, तर ती समिती त्या माणसाविरुद्धची युती होऊन बसते. आणि राईनपाड्यात अफवा पसरत असताना जे हवे होते ते हेच: गावाने ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असता असा एक ओळखीचा पोलीस किंवा पोलीस पाटील, जो फोनवर पाच मिनिटांत सांगू शकेल की ही माणसे भिक्षेकरी आहेत, यांना हात लावू नका. पुणे, नाशिकसारख्या जिल्ह्यांत वापरात असलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा एका टोल फ्री क्रमांकावरून गावातल्या सगळ्या नोंदणीकृत फोनवर एकाच वेळी निरोप पोहोचवते. चोर आल्याचा निरोप जसा तिच्यातून जातो, तसा अफवा खोटी असल्याचाही जाऊ शकतो; पण तो पडताळून देणारा कोणीतरी गावाच्या ओळखीचा हवा.

मिटवामिटवीचा धोका याच्याच जवळचा. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे हजारो वाद तिने गावातच मिटवले आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांची दमछाक वाचवली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण मोहिमेला बक्षिसे होती, गुण होते, आणि जिथे तंटा नसण्याचे बक्षीस मिळते तिथे तंटा नोंदवणारी व्यक्ती गावाची शत्रू ठरू शकते. नवऱ्याचा मार खाणारी बाई आणि गावकीच्या जाचाला कंटाळलेले दलित कुटुंब यांना ‘गावाचे नाव जाईल’ हे वाक्य ऐकवणे सोपे जाते. म्हणून बांधाचा वाद समितीकडे आणि अत्याचाराचा गुन्हा ठाण्याकडे, ही रेघ ठसठशीत हवी. ती समितीने ओढायची नाही, पोलिसाने ओढायची.

मनुष्यबळाची सबब तेवढी तगडी नाही, जरी ती खरी आहे. देशात दर लाख लोकसंख्येमागे प्रत्यक्ष पोलीस दीडशेच्या आसपास आहेत. मंजूर पदे त्याहून चाळीसेक अधिक आहेत, पण ती रिकामी. मंत्र्यांचे दौरे, सण, मोर्चे, निवडणुका, न्यायालयात आरोपी नेणे-आणणे यांत बीटवरचा माणूस महिन्यातले कितीतरी दिवस बीटबाहेर असतो. अशात ओळखी वाढवायला वेळ कुठला? पण भिवंडीत यासाठी वेगळी फौज आली नव्हती; असलेल्या कर्मचाऱ्यांनाच ठरावीक गल्ल्या वाटून दिल्या होत्या. किरकोळ भांडणे आधीच मिटली, तर जो वेळ पुढे मारामारीच्या पंचनाम्यात, जबाबांत आणि बंदोबस्तात जातो तो काही प्रमाणात परत मिळतो. पंच मिळत नाहीत, साक्षीदार उलटतो, ही ठाण्यांची नेहमीची तक्रार. ओळखीच्या बीटवर पंच लवकर मिळतो. आपल्या कायद्यानेही पोलिसांवरचा अविश्वास जपून ठेवला आहे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही हा १८७२ चा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम राहिला, आणि कोठडीतली मारहाण पाहता तो राहिला हे बरेच झाले. पण त्यामुळे बाहेरचा साक्षीदार हाच तपासाचा कणा ठरतो, आणि साक्षीदार ठाण्याच्या दारात पहिल्यांदा पाऊल ठेवतो तेव्हा आत कोणी ओळखीचे आहे की नाही, यावर बरेच अवलंबून राहते.

म्हणून पुन्हा बदलीकडे यावे लागते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये ठाणे प्रमुखासह महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन कलम २२ न आले: अंमलदारांना एका नेमणुकीवर साधारण पाच वर्षे, उपनिरीक्षक ते निरीक्षक यांना एका ठाण्यात दोन वर्षे. जनहित आणि प्रशासकीय निकड या कारणांखाली मुदतपूर्व बदलीची वाट उघडी आहे आणि ती वापरली जाते, हा भाग वेगळा. खरी गळती तिथेही नाही. कायद्याने मोजलेली नेमणूक म्हणजे ठाणे. त्या ठाण्यातला बीट आज कोणाकडे आणि उद्या कोणाकडे, हे प्रभारी अधिकारी ठरवतो. नवा प्रभारी आला की बीट फिरतात, आणि पाच वर्षे एकाच ठाण्यात काढलेला हवालदार चार वेगवेगळ्या वस्त्यांना अर्धवट ओळखत निवृत्तीकडे जातो. बीटचा किमान कार्यकाळ तीन वर्षे ठरवणे, बदलताना जुन्या आणि नव्या अंमलदाराने पंधरा दिवस जोडीने फिरणे, आणि वस्तीने मांडलेल्या प्रत्येक गाऱ्हाण्यापुढे ‘काय केले’ हा रकाना असलेली वही त्याच्या हाती सोपवणे, एवढे करायला विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. पोलीस अधीक्षकाचे परिपत्रक पुरते. अधीक्षक स्वतः दोन वर्षांत जाणार असल्याने ते परिपत्रक त्याच्याबरोबरच विस्मरणात जाऊ नये, याची तजवीज मात्र करावी लागेल. ठाण्याच्या वार्षिक तपासणीत मुद्देमाल आणि शस्त्रे मोजली जातात, त्याच यादीत ही वहीही उघडून पाहण्याचा मुद्दा घालता येतो.